नव्या वचनांआधी जुन्या वचनांचा हिशेब द्या : जी-२०च्या अर्थमंत्र्यांना आणि गव्हर्नरांना खुले पत्र

सन्माननीय अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त लेखापरीक्षक आहे. दुसऱ्यांची हिशेबाची पुस्तके तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आमच्या कामातला एक नियम कुणी मोडत नसे. यंदाची पुस्तके उघडण्याआधी मागच्या वर्षीचे आक्षेप वाचायचे, आणि प्रत्येक आक्षेपापुढे संस्थेने काय केले ते लेखी मागायचे. त्याला आम्ही दोषदुरुस्ती अहवाल म्हणतो. तो आला नाही तर जुना आक्षेप जसाच्या तसा नव्या अहवालात चढतो, आणि संस्थेचा अध्यक्ष बदलला म्हणून कोणताही आक्षेप पुसला जात नाही.

आपल्या गटाचे अध्यक्षपद दरवर्षी बदलते. गटाला घटना नाही, कायमचे सचिवालय नाही. एका वर्षीचे यजमान आपले संकेतस्थळ काढतात, पुढच्या वर्षी दुसरे यजमान दुसरे काढतात. आपण दिलेल्या वचनांपैकी किती पाळली गेली याची सर्वांत नेमाने नोंद ठेवतो तो टोरांटो विद्यापीठातला एक अभ्यासगट, आणि त्यातले बरेचसे काम विद्यार्थी करतात. त्या मुलांचे मला कौतुक वाटते. पण जगाच्या सुमारे ८५ टक्के उत्पादनाचे प्रतिनिधी म्हणून आपण एकत्र बसता, आणि आपल्या शब्दांचा हिशेब विद्यार्थ्यांनी ठेवायचा, हे मला पटत नाही.

हे पत्र आताच लिहिण्याला कारण आहे. अमेरिकेच्या २०२६च्या अध्यक्षपदाखाली गटाला मूळ कामाकडे परत नेण्याची भाषा सुरू झाली आहे. तीन मुख्य विषय जाहीर झाले : नियमांचे ओझे कमी करणे, परवडणारी ऊर्जा आणि नवे तंत्रज्ञान. विषयपत्रिका आटोपशीर करायला माझा विरोध नाही. अलीकडची आपली संयुक्त निवेदने इतकी लांब झाली आहेत की त्यांतली जबाबदारी नेमकी कुणाची, हे शोधायला चिकाटी लागते. माझा प्रश्न वेगळा आहे. जे विषय पत्रिकेतून उतरले, त्यांवर आधी दिलेल्या वचनांचे काय? विषय गळाला म्हणून वचन फिटत नाही.

यात माझे काय अडले आहे, हेही सांगतो. २००८च्या संकटात ज्यांच्या आयुष्याच्या पुंजीला धक्का बसला, त्या असंख्य सामान्य लोकांपैकी मी एक आहे. माझ्या घरातली माणसे परदेशात राबून पैसे पाठवत आली आहेत. आणि तेव्हापासून मी आपली निवेदने वाचत आलो, कारण आपण काही करू शकता हे त्या वर्षी मी पाहिले होते.

ते श्रेय आधी आपल्या पदरात टाकतो. आशियाई आर्थिक संकटानंतर, डिसेंबर १९९९मध्ये, आपल्या पूर्वसुरींची पहिली बैठक बर्लिनला झाली. नोव्हेंबर २००८मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्रप्रमुख आले. एप्रिल २००९मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ताकद तिप्पट करून ७५० अब्ज डॉलरवर न्यायचे ठरले, २५० अब्ज डॉलरचे विशेष उचल अधिकार, म्हणजे एसडीआर (नाणेनिधीने सदस्य देशांना दिलेला, गरज पडल्यास चलनात बदलून घेता येणारा राखीव साठा), वाटायचे ठरले, आणि ते वाटप त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये झालेसुद्धा. जगाच्या वित्तव्यवस्थेवर लक्ष ठेवण्यासाठी वित्तीय स्थैर्य मंडळ उभे राहिले. २०१०मध्ये बँकांच्या भांडवलाचे बासेल-३ नियम मान्य झाले. आपापसांत मतभेद असूनही आपण हे सारे महिन्यांच्या हिशेबात केले. तेव्हा आग आपल्याच बँकांना लागली होती. पुढे ती इतरांच्या तिजोरीला लागली आणि आपले वेळापत्रक वर्षांवर गेले.

माझा पहिला आणि सर्वांत जड आक्षेप कर्जाबद्दल आहे.

महासाथीच्या सुरुवातीला, एप्रिल २०२०मध्ये, आपण गरीब देशांचे हप्ते तात्पुरते थांबवण्याची योजना जाहीर केली. ७३ देश पात्र होते. त्यांतल्या ४८ देशांनी ती घेतली आणि डिसेंबर २०२१पर्यंत मिळून १२.९ अब्ज डॉलरचे हप्ते पुढे ढकलले गेले. ढकलले गेले, माफ झाले नाहीत. खासगी धनकोंना आपण स्वेच्छेने सामील व्हायचे आवाहन केले होते. सामील झाला तो एकच. कर्ज देणाऱ्या सरकारांनी हप्ते थांबवायचे आणि त्यातून वाचलेल्या पैशातून रोखेधारकांचे व्याज भागायचे, असा त्याचा अर्थ होतो. कुठल्याही संस्थेत मी हे पाहिले असते तर पहिल्याच पानावर लिहिले असते.

मग नोव्हेंबर २०२०मध्ये आपण कॉमन फ्रेमवर्क, म्हणजे गरीब देशांच्या कर्जाची पुनर्रचना करण्याची सामाईक चौकट, आणले. सगळे धनको एका टेबलावर येतील, बोजा सारखा वाटला जाईल, ऋणको देशाला लवकर मोकळे करता येईल, असे सांगितले गेले. चाड, इथिओपिया, झांबिया आणि घाना यांनी त्याचा आधार घेतला.

झांबियाचे उदाहरण मी जरा सविस्तर मांडतो, कारण आपल्या व्यवस्थेतली प्रत्येक फट त्यात दिसते. झांबियाने नोव्हेंबर २०२०मध्ये रोख्यांचे व्याज चुकवले आणि २०२१च्या सुरुवातीला आपल्याकडे अर्ज केला. धनको सरकारांची समिती बसली ती २०२२च्या मध्यात. ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जावर तत्त्वतः समझोता झाला जून २०२३मध्ये. रोखेधारकांशी त्याच वर्षी जमलेला करार नोव्हेंबरमध्ये सरकारी समितीने नाकारला. खासगी धनको पुरेशी झळ सोसत नाहीत, असे तिचे म्हणणे होते. म्हणणे चुकीचे नव्हते. पण आधी सरकारांशी ठरवायचे, मग खासगी धनकोंशी, आणि मग पहिल्याने दुसऱ्याचा करार तपासायचा, ही रांग ज्यांनी आखली त्यांनी हा खोळंबा आधीच ओळखायला हवा होता. त्या खोळंब्यातच फेब्रुवारी २०२४मध्ये भीषण दुष्काळामुळे झांबियाला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. रोख्यांची पुनर्रचना पूर्ण झाली जून २०२४मध्ये. अर्जापासून तिथवर तीन वर्षांहून अधिक काळ गेला. एवढा काळ एखादे सरकार नवे कर्ज उभे करू शकत नाही, रस्ता किंवा दवाखाना हाती घेऊ शकत नाही, आणि त्याची मंत्रालये वाटाघाटींच्या तारखा सांभाळत बसतात.

चाडची गोष्ट वेगळी आणि मला अधिक खटकणारी. त्याने जानेवारी २०२१मध्ये अर्ज केला, समझोता नोव्हेंबर २०२२मध्ये झाला. मधल्या काळात तेलाचे भाव चढले आणि आता कर्जात कपात करायची गरज उरली नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे उशीर धनकोंच्या पथ्यावर पडला. इथिओपियाने चाडबरोबरच अर्ज केला होता. डिसेंबर २०२३मध्ये त्याचाही रोख्यांचा हप्ता चुकला, आणि सरकारी धनकोंशी तत्त्वतः समझोता झाला तो मार्च २०२५मध्ये. घानाला तुलनेने लवकर सोडवता आले, हे मान्य करतो. त्यावरून कळते की मनात आणले तर वेळ कमी होऊ शकतो.

श्रीलंकेला तर हे दारच बंद होते. एप्रिल २०२२मध्ये त्याने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, पण तो मध्यम उत्पन्नाचा देश म्हणून कॉमन फ्रेमवर्कच्या यादीत बसत नव्हता. त्याच्यासाठी भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखाली वेगळी समिती करावी लागली. सरासरी उत्पन्नाच्या एका रेषेवरून देशाचे संकट मोजायचे, ही कसली पद्धत? दिवाळखोरी उत्पन्नगट बघून येत नाही.

या देशांपैकी एकही स्वतःच्या नावाने आपल्या टेबलावर बसत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये नवी दिल्लीत आफ्रिकी महासंघाला पूर्ण सदस्यत्व मिळाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण ज्यांच्या कर्जावर निर्णय होतात ते अजूनही अर्जदारच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे ३.४ अब्ज माणसे अशा देशांत राहतात, जिथे सरकारचा व्याजावरचा खर्च आरोग्यावरच्या किंवा शिक्षणावरच्या खर्चापेक्षा जास्त आहे. आपल्या निवेदनांत या परिस्थितीला ‘कर्जविषयक असुरक्षितता’ अशा मऊ शब्दांत बसवले जाते. शाळेत शिक्षक नाही आणि हप्ता मात्र वेळेवर गेला, इतके ते सरळ आहे.

दुसरा आक्षेप नाणेनिधीतल्या मतांचा. नोव्हेंबर २०१०मध्ये सोलला आपण ठरवले की सहा टक्क्यांहून अधिक कोटा, म्हणजे ज्यावरून देशाची मते ठरतात तो नाणेनिधीतला वाटा, उगवत्या आणि विकसनशील देशांकडे सरकेल. ते अमलात आले जानेवारी २०१६मध्ये, कारण अमेरिकी काँग्रेसची मंजुरी पाच वर्षे अडली. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून थोडी अधिक आहेत, त्यामुळे दुसरे कुणी काही करू शकत नव्हते. डिसेंबर २०२३मध्ये कोट्यांचा सोळावा आढावा संपला. कोटा ५० टक्क्यांनी वाढवायचे ठरले, पण ज्याचा जितका वाटा होता त्याच प्रमाणात. वाटणी तिथल्या तिथेच राहिली.

वाटणीने काय फरक पडतो, ते ऑगस्ट २०२१मध्ये दिसले. त्या महिन्यात ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर वाटले गेले. कोट्याप्रमाणे वाटप झाल्याने सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम २१ अब्ज आले. श्रीमंत देशांनी आपल्याकडचे १०० अब्ज गरजू देशांकडे वळवावेत, असे आपण ठरवले. आकड्यापुरती वचने जमली. पण हा पैसा मुख्यतः नाणेनिधीच्या निधींमार्फत कर्ज म्हणून पुढे जातो, म्हणजे कर्जात बुडालेल्याला आणखी कर्ज, व्याज कमी असले तरी. मूळ वाटपात हाच पैसा त्या देशांना कोणत्याही अटीविना मिळाला असता.

तिसरा आक्षेप माझ्या घराशी जोडलेला आहे, म्हणून थोडक्यात आणि सरळ लिहितो. परदेशातून घरी पाठवलेल्या पैशावरचा खर्च पाच टक्क्यांवर आणण्याचे वचन आपण २०११मध्ये दिले होते. जागतिक बँकेच्या मोजणीत जागतिक सरासरी आजही सहा टक्क्यांच्या वर आहे. शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३०पर्यंत तीन टक्क्यांचे लक्ष्य आहे. २०२०मध्ये आपण सीमापार पैसे पाठवण्याचा वेग, खर्च आणि पारदर्शकता सुधारण्याचा आराखडा मंजूर केला, आणि बहुतेक लक्ष्यांना २०२७च्या अखेरची मुदत घातली. ती मुदत पाळली जाणार नाही, अशी चिन्हे आपल्याच वित्तीय स्थैर्य मंडळाने नोंदवली आहेत. कारणेही ठाऊक आहेत. मनी लाँडरिंगविरोधी तपासणीचा खर्च आणि दंडाची भीती यांमुळे मोठ्या बँकांनी लहान देशांतल्या बँकांशी करस्पॉन्डंट संबंध, म्हणजे एकमेकींच्या वतीने पैसे पोहोचवण्याची व्यवस्था, तोडले, स्पर्धा आटली आणि दर वर राहिले. नियम आपल्याच सदस्यांनी केलेले आहेत. गुन्हेगारी पैसा रोखायलाच हवा. पण त्याचा भुर्दंड महिन्याच्या पगारातून घरी थोडे पैसे पाठवणाऱ्या कामगाराने का भरावा?

जीवाश्म इंधनांवरच्या अकार्यक्षम अनुदानांबद्दल तर आता लिहायचाही थकवा येतो. सप्टेंबर २००९, पिट्सबर्ग. ती मध्यम मुदतीत बंद करू, असे म्हटले होते. अकार्यक्षम म्हणजे कोणते अनुदान, हे कुणीच सर्वांना बांधील अशा शब्दांत ठरवले नाही, आणि ती मध्यम मुदत अजून चालूच आहे. नाणेनिधीच्या हिशेबाने २०२२मध्ये जगभरातली थेट अनुदाने सुमारे १.३ लाख कोटी डॉलर होती.

बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कराचा २०२१चा समझोता मला खरोखर मोठा वाटला होता. १३० हून अधिक देश त्यात आले. जानेवारी २०२६मध्ये त्यातून अमेरिकी कंपन्यांना वाट काढून देण्यात आली, आणि नफ्याच्या वाटणीचा त्याचा दुसरा भाग करारावर सही होण्यापर्यंतही पोहोचला नाही.

शेवटचा आक्षेप गटाच्या रचनेवर. नोव्हेंबर २०२५मध्ये जोहान्सबर्गला गटाची शिखर परिषद पहिल्यांदा आफ्रिकेच्या भूमीवर झाली. अमेरिका तिला आली नाही. तो तिचा अधिकार होता. पण त्यानंतर २०२६च्या यजमानपदी येताच अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेला बोलावणार नसल्याचे जाहीर केले. दक्षिण आफ्रिका १९९९पासूनची सदस्य आहे, पाहुणी नाही. एका वर्षाच्या यजमानाने कायम सदस्याला दाराबाहेर ठेवावे, आणि त्यावर दाद मागायला गटात कलम नाही, समिती नाही, साधी कार्यपद्धतीसुद्धा नाही. आज दक्षिण आफ्रिका आहे. ज्या सदस्यांना हे दुसऱ्याचे भांडण वाटते, त्यांनी आपले नाव त्या जागी ठेवून बघावे. सर्वसंमतीने चालणाऱ्या गटात एकाला वगळून झालेली संमती कुणाची, हा प्रश्न मी आपणा सर्वांना विचारतो.

हिशेब ठेवणे शक्यच नाही, असे कुणी म्हणेल म्हणून आठवण देतो. २०१४मध्ये ब्रिस्बेनला आपण २०१८पर्यंत गटाचे एकत्रित उत्पादन दोन टक्क्यांनी जादा वाढवण्याचे ठरवले होते. त्यासाठी प्रत्येक देशाने लेखी उपायांची यादी दिली होती, आणि नाणेनिधी व ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) यांनी ती तपासली होती. वचन मोजता येईल असे लिहिले आणि मोजणारा बाहेरचा नेमला, की काय राहिले ते सगळ्यांना दिसते. ते लक्ष्य वेळेत गाठले गेले नाही, हे आपल्याला कळले ते त्या मोजणीमुळेच. पुढे तशी मोजणी मागे का पडली, याचे उत्तर मला कोणत्याही निवेदनात सापडले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक शिखर परिषदेच्या किमान एक महिना आधी दोषदुरुस्ती अहवाल प्रसिद्ध करा. त्यात २००८पासूनचे प्रत्येक मोजता येण्यासारखे वचन, त्याची मुदत आणि देशवार स्थिती असावी. तो गटाबाहेरच्या लेखापरीक्षकांनी लिहावा. सदस्य देशांच्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांकडे याचे कौशल्य आहे आणि त्यांची आपापसांत आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे, त्यांना सांगा. जे वचन सोडायचे असेल ते उघडपणे, कारणासह सोडा. सर्व निवेदने, परिशिष्टे आणि कृतिगटांचे अहवाल एकाच कायम ठिकाणी ठेवा, अध्यक्ष कुणीही असो.

कर्जासाठी : देशाने अर्ज केला त्या दिवसापासून तोडगा निघेपर्यंत सर्व परकीय धनकोंचे हप्ते थांबले पाहिजेत. समिती बसण्याला आणि समझोत्याला ठरलेली मुदत हवी, आणि ती उलटली तर त्या काळाचे व्याज धनकोंनी सोडावे. सरकारी आणि खासगी धनकोंशी बोलणी एकाच वेळी चालावीत. मध्यम उत्पन्नाच्या देशांना दार उघडा. आंतरराष्ट्रीय रोखे मुख्यतः न्यूयॉर्क राज्याच्या आणि इंग्लंडच्या कायद्याखाली निघतात. ब्रिटनने २०१०मध्ये गरीब देशांच्या जुन्या कर्जांपुरता असा कायदा करून दाखवला आहे, की सगळ्यांनी सवलत दिल्यावर उरलेल्या एखाद्याला पूर्ण वसुलीसाठी न्यायालयात जाता येऊ नये. ब्रिटन आणि अमेरिका दोघेही आपले सदस्य आहेत. तोच नियम नव्या कर्जांनाही लागू करायचे वचन त्यांच्याकडून तारखेसह घ्या.

नाणेनिधीच्या कोट्याची फेरवाटणी पुढच्या आढाव्यात होईल, हे सूत्रासह आणि वर्षासह लिहून द्या.

पैसे पाठवण्याच्या खर्चाबाबत प्रत्येक सदस्य देशाने आपल्या भूमीवरून जाणाऱ्या पैशाचा सरासरी दर दर तिमाहीला जाहीर करावा, आणि ठरलेले लक्ष्य चुकणार असेल तर कुठल्या नियमामुळे चुकते ते सांगावे.

आणि कोणत्याही अध्यक्षाला कोणत्याही सदस्याला वगळता येणार नाही, असे एक वाक्य आपल्या पुढच्या निवेदनात पहिल्या परिच्छेदात घाला. त्या वाक्यावर एकमत झाले नाही, तर कोणत्या देशांनी त्याला होकार दिला, त्यांची नावे छापा.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको आहे. ते डिसेंबर २०२६च्या शिखर परिषदेआधी, सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध व्हावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक